जनूदादांचा उजवा हात

भाईंदरजवळ हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागलो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरून एक आवाज यायचा. चक-चक-चक-चक, मध्येच एक ठोका जोरात, मग पुन्हा तसंच. सूर नाही, काही नाही. आमच्या इमारतीत प्लास्टिक दाबणारी, खोके बांधणारी, बटणं पाडणारी नाना यंत्रं होती. मला वाटलं, वर कुणीतरी नवं यंत्र बसवलंय, आणि चांगलं बसवलंय, कारण त्याचा ठोका कधी चुकत नव्हता. एकदा डबा खाऊन वर गेलो. गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक सावळे, जाडसर गृहस्थ बनियनवर बसले होते. मांडीवर काळी इलेक्ट्रिक गिटार. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरल्या होत्या आणि उजवा हात मनगटातून वर-खाली चालला होता. यंत्र ते होतं.

"काय पायजे?" हात न थांबवता त्यांनी विचारलं.

"काही नाही. मला वाटलं, वर मशीन चालू आहे."

ते हसले. "बस. एवढं चांगलं आजपर्यंत कोण बोललं न्हाय मला."

हे जनार्दन भोईर. भाईंदर पूर्वेच्या खारी गावचे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी यांचं बैठं घर होतं तिथेच होतं. लहानथोर सगळे त्यांना जनूदादा म्हणत. हॉटेलांतून, लग्नांतून हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभं राहून गिटार वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण जीव होता तो रॉकमध्ये. ऑर्केस्ट्रा सुटल्यावर एका मित्राचा रिकामा गाळा त्यांनी मागून घेतला, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि शिकवायला बसले.

शिकवायचे ते फक्त ऱ्हिदम. रॉकमध्ये बहुधा दोन गिटार असतात. एक पुढे येऊन नाचते. लोकांना तीच आठवते. दुसरी मागे राहून सगळं गाणं धरून ठेवते. जनूदादा म्हणायचे, "लीडवाला म्हणजे लग्नातला नवरा. आपण मांडव. मांडवाचा फोटो कोण काढत नाय. पडला तर मात्र सगळ्यांना दिसतो."

मीही त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. तेजस नावाचा एक कॉलेजचा मुलगा आमच्यात होता. बोटं विलक्षण वेगाने चालायची त्याची, आणि ते त्याला ठाऊक होतं. एक दिवस जनूदादांनी त्याची गिटार मागून घेतली, पक्कड घेऊन खालच्या तीन बारीक तारा काढल्या आणि गिटार परत दिली.

"दादा, आता वाजवू काय?"

"उरलंय ते."

"यात काय उरलंय?"

"गाणं उरलंय. गेला तो तुझा नाच."

तेजस चिडला, पण बरेच दिवस तसाच वाजवत राहिला. आज तो आमच्यातला सगळ्यात चांगला वादक आहे.

माझं शिक्षण रायगडातल्या एका लहान गावच्या मराठी शाळेत झालं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गिटार हे मोठ्या घरच्या मुलांचं काम, अशी माझी समजूत. जनूदादांनी मला ना सूर दाखवला, ना कॉर्ड. कितीतरी दिवस फक्त झाकलेल्या तारांवर हात फिरवायला लावला. एका मात्रेत चार वेळा, खाली-वर-खाली-वर, आणि त्यातला कधी पहिला ठोका जड, कधी दुसरा, कधी चौथा. नवशिका जड ठोक्यासाठी हात थांबवतो, जोर घेतो आणि तिथेच घसरतो. हात सारखाच चालायला हवा. हवी तेव्हाच तार लागायची, नको तेव्हा हात तारेवरून रिकामा जायचा. ते रिकामं जाणंच अवघड. "वाजवायला कोणपण शिकतो," ते म्हणायचे. "गप बसवायला शिक. आवाज सोडला तसा बंदपण तूच करायचा."

हात चालू असताना ते मुद्दाम बोलायला लावायचे. बोलताना ठेका मोडला तर तो अजून अंगात गेला नाही, असा त्यांचा हिशेब.

"गाव कुठलं?"

मी सांगितलं. हात चालला.

"घरी कोण?"

"आई, वडील, धाकटी बहीण."

"वडील काय करतात?"

माझा हात अडखळला. "एस.टी. डेपोत आहेत."

"डेपोत काय?"

"झाडू मारतात." हात पूर्ण थांबला.

त्यांनी आपली गिटार बाजूला ठेवली. "परत घे. हात चालू ठेव आणि सांग, वडील काय करतात."

मी सांगितलं. पुन्हा अडखळलो. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. ड्रम वाजवायला येणारा साजिद, तेजस, सगळे ऐकत होते. शेवटी माझा हात सरळ चालू राहिला आणि मी सरळ आवाजात म्हणालो, माझे वडील डेपोत झाडू मारतात. "आता बसला ठेका," जनूदादा म्हणाले आणि चहा सांगायला उठले. पुढे मुलाखतींत, बँकेत, लग्नाच्या बोलण्यांत मला हाच प्रश्न कितीदा विचारला गेला. मी कधी अडखळलो नाही. याचे उपकार कसे फेडायचे असतात, मला ठाऊक नाही.

त्यांचा उजवा हात रिकामा कधी नसायचा. रिक्षात बसले की मांडीवर, बोलत उभे राहिले की शटरवर, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालू. त्यांच्या पत्नी, पुष्पावहिनी, म्हणायच्या, "डाळ ढवळाया दिली तरी ठेक्यात ढवळतो हा माणूस." आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की त्या हाताकडे आम्ही बघेनासे झालो. पुढे जे झालं ते लवकर कळलं नाही, ते त्यामुळे.

आम्हा शिकणाऱ्यांचा, जनूदादांसकट, एक बँडच झाला होता आणि साजिद त्यात ड्रमर. नयानगरला मोबाईल दुरुस्त करतो. एकदा सराव थांबवून आम्ही वडापाव खात होतो. जनूदादा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते. साजिद बराच वेळ बघत होता.

"दादा, ये कौन-सा ठेका है? पकड में नहीं आ रहा."

जनूदादांनी खाली पाहिलं. आपला हात पाहिला. त्यांचं घास चावणं थांबलं.

"हा माझा न्हाय," ते म्हणाले.

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हा आजार एका बाजूने सुरू होतो म्हणे. डावा हात अजून ठीक होता. गेला तो उजवाच. गोळी सुरू झाली. गोळी घेतली की काही वेळाने हात मोकळा व्हायचा, मग थोडा काळ तो जुना हात असायचा आणि मग पुन्हा जड, आखडलेला, थरथरता. त्या थोड्या काळाला जनूदादा 'भरती' म्हणायचे. आमचे सराव भरतीवर ठरू लागले. "वहिनींनी गोळी दिली," असा फोन आला की साजिद दुकान पोराच्या भरवशावर टाकून यायचा, मी कारखान्यातून वर पळायचो. भरती आखूड होत चालली होती हे सगळ्यांना दिसत होतं.

पूर्वी ते शांत असत. आता सरावात त्यांची घाई बघवत नव्हती. एकच जागा पुन्हा पुन्हा घ्यायचे, चुकली की स्वतःच्या मनगटावर डाव्या हाताने चापट मारायचे. सगळं एका गाण्यासाठी चाललं होतं.

गाणं त्यांचं स्वतःचं. त्यांच्या आजाकडे मिठागर होतं. मिठाची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. तुडवणाऱ्या बायका ज्या ठेक्यात पाय टाकत, तो त्यांनी लहानपणापासून डोक्यात ठेवला होता आणि त्यावरून ते गाणं बांधलं होतं. जलद, दणदणीत, आणि सुरुवातीला बाकी सगळे गप्प, फक्त ऱ्हिदम गिटार एकटी. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांना मांडव घातला. इथे पहिल्यांदा मांडवच दिसणार होता.

हे गाणं त्यांना खारीतच वाजवायचं होतं. कारण होते त्यांचे थोरले बंधू दामोदर, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. ते वाईट नव्हते. पण ऑर्केस्ट्राच्या दिवसांत एकदा कार्यक्रमाला येऊन गेल्यावर त्यांनी भावाला विचारलं होतं, "यवढा हात हालवतस, पन तुजा आवाज कंचा?" आणि पुढे जेवणाखाण्याला, सणासुदीला तोच विनोद व्हायचा. जनूदादाही हसायचे. मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं, "एकदा त्याला ऐकू आला पायजे. मग हात गेला तरी चालंल." मग लगेच म्हणाले, "चालंल असं न्हाय. पण आधी ऐकू येऊ दे."

दामोदरभाऊंनी मंडळाच्या वर्धापनदिनाला आमचं गाणं ठेवलं. रविवारी संध्याकाळी, देवळासमोरच्या मैदानात, पाहुण्यांच्या भाषणानंतर लगेच. जनूदादांनी त्या वेळेचा अंदाज घेऊन गोळी घेतली. मागच्या कनातीत त्यांनी हात उघडून-मिटून दाखवला. हात मोकळा होता. इतका खूष चेहरा मी त्यांचा त्या वर्षात पाहिला नव्हता.

पाहुणे उशिरा आले. भाषण झालं. आम्ही गिटारी गळ्यात अडकवल्या, तेवढ्यात निवेदकाने सत्कार जाहीर केले. दहावी-बारावीची मुलं झाली. ज्येष्ठ नागरिक झाले. मग मंडप घालणारे, पाण्याचा टँकर देणारे, पाहुण्यांचे सोबती. प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो. फोटो नीट आला नाही तर शाल पुन्हा. मी निवेदकाला जाऊन सांगितलं, "साहेब, आमचं आधी घ्या ना, अडचण आहे."

"अहो, झालंच. दोनच मिनिटं."

जनूदादा कनातीच्या फटीतून बघत होते. हात काखेत दाबून धरला होता. नावं संपत आली आणि दामोदरभाऊंनी स्वतः माईक घेतला. म्हणाले, यादीत नाही, पण एक सत्कार माझ्याकडून. माझा धाकटा भाऊ जनार्दन, ज्याने गावाचं नाव बाहेर नेलं. ते बोलत राहिले. लहानपणच्या आठवणी सांगितल्या. आयुष्यात पहिल्यांदा ते भावाबद्दल चारचौघांत चांगलं बोलत होते, आणि त्याच बोलण्यात भावाची उरलेली भरती चालली होती. जनूदादा स्टेजवर उभे राहिले. नारळ त्यांनी डाव्या हातात घेतला. उजवा शालीखाली होता, पण शाल हलत होती.

खाली उतरले ते थेट वहिनींकडे.

"एक गोली दे."

"न्हाय. डाक्टर काय बोललाय? वरतून घेतलीस तर सगला आंग वलवलंल."

"पुष्पा, एकच. पाया पडतो तुझ्या."

"असा नको बोलू."

"गाना यवढा वाजवतो, मंग काय व्हायचा ते होऊ दे."

वहिनींनी पर्स छातीशी दोन्ही हातांनी धरली. त्या रडत होत्या, पण पर्स सोडत नव्हत्या. "तुजा गाना होईल," त्या म्हणाल्या, "आन मना घरी काय न्यायला मिलंल?" जनूदादांनी हात पुढे केला होता. तो मागायला केलेला होता की नुसता थरथरत होता, समजत नव्हतं. मग स्टेजवरून नाव पुकारलं गेलं.

मी म्हणालो, "दादा, सुरुवात मी घेऊ?"

"न्हाय."

त्यांनी सुरुवात केली. आणि खरं सांगतो, पहिले काही क्षण तो हात त्यांचाच होता. मैदानात खुर्च्या सरकवणारी माणसं थांबली. पुढच्या रांगेत दामोदरभाऊंनी मान वर केली. मग साजिद गाण्यात आला, आम्ही आलो, आणि हात उतरू लागला.

आमच्या गाळ्यात एक नियम होता. गाण्यात सगळ्यांनी जनूदादांच्या उजव्या हाताकडे बघायचं, ड्रमरनेसुद्धा. दुसरीकडे ड्रमर वेग ठरवतो. आमच्याकडे तो हात ठरवायचा. आम्ही त्याच सवयीवर वाढलो होतो. हात मंद झाला, साजिदने त्याच्याकडे पाहिलं आणि तो मंद झाला. मी मंद झालो. तेजस मंद झाला. कुणी ठरवलं नाही. हात आणखी जड झाला, एखादा ठोका गाळू लागला, आम्हीही तिथे तिथे जागा सोडत गेलो. चिखल तुडवणारं ते दणदणीत गाणं प्रेतयात्रेसारखं चालू लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बॅटरी उतरली काय रे?" पोरं हसली. जनूदादांचा चेहरा घामाने भिजला होता, ते आमच्याकडे वळून वळून बघत होते आणि काहीतरी बोलत होते. आम्हाला वाटलं, सांभाळा म्हणताहेत. आम्ही आणखी सांभाळलं.

गाणं कसंबसं संपलं. टाळ्या पडल्या.

कनातीत ते खुर्चीवर बसले. "तुम्ही थांबलात कशाला?"

साजिद म्हणाला, "दादा, आपनेच बोला था ना, हाथ देखने का."

"हात मेला होता, साजिद. मेलेल्या हाताच्या मागे सगळे आलात. मी तोंडाने बोलत होतो, पुढे जा, पुढे जा."

"आपको छोड के कैसे जाते?"

"वाजवत जायचं. मी पडलो असतो, गाणं वाचलं असतं." त्यांचा आवाज चढत नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "तुमचे हात चांगले होते रे. चांगल्या हातांनी तुम्ही माझ्यासारखं वाजवलंत."

साजिदचे डोळे भरले. तेवढ्यात दामोदरभाऊ आत आले. त्यांनी जनूदादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जना, गाना आवारला रं. मना वाटला धांगडधिंगा असंल. कसा शांत गाना हाय. पयल्यांदा तुजा वाजवलेला आयकला."

जनूदादांनी भावाकडे बघितलं. सांगावं की नाही, असा एक क्षण त्यांच्या तोंडावर येऊन गेला. "बरा झाला," ते म्हणाले. मग वहिनींना म्हणाले, "आता दे गोली. वेल झाली."

त्यानंतर ते गाळ्यात शिकवायला आले नाहीत. मी घरी जायचो, तेव्हा बोलायचे, तुझी नोकरी कशी आहे, वडिलांना इकडे कधी आणतोस. गिटारीबद्दल विचारत नसत. आजार आता पायांत उतरला होता. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. मन पुढे जायला सांगे, पाय ऐकत नसत. वहिनी शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, एक-दोन, एक-दोन, मग कधी सुटायचे.

पुढे त्यांनी पनवेलला मुलीकडे जायचं ठरवलं. गाळ्याच्या त्यांच्याकडच्या किल्ल्या आम्हाला देण्यासाठी ते स्वतः आले. आम्ही सरावाला जमलो होतो. पाणी प्यायले, भिंतीवरच्या गाद्या बघितल्या, तेजसच्या पाठीवर थापटलं. वाजवून दाखवू का, असं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. ते उठले आणि वहिनींबरोबर लिफ्टकडे निघाले. शटरपासून लिफ्टपर्यंत लांब अंधारा बोळ आहे. आम्ही शटरशी उभे होतो.

थोडं अंतर जाऊन ते अडकले. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. पाय सुटेनात. त्या जोरात मोजू लागल्या, मोजता मोजता त्यांचाच आवाज फुटला. समोरच्या गाळ्यातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. जनूदादा भिंतीला डावा हात टेकून उभे, मान खाली. मी धावणार, तेवढ्यात साजिद आत गेला आणि ड्रमवर बसला. मिठागराचं गाणं, त्याच्या खऱ्या वेगात. मी गिटार घेतली आणि शटरशी येऊन ऱ्हिदम धरला. तेजसही आला.

जनूदादांचं एक पाऊल उचललं. मग दुसरं. वहिनींनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, थांबू नका, असं. ते चालत होते, त्या आखडलेल्या पावलांनी, पण चालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. बोळाच्या मध्यावर गेल्यावर त्यांनी डावा हात पाठीमागे घेतला, तळवा जमिनीकडे केला आणि दोनदा खाली दाबला. हळू.

आम्ही घाई करत होतो की त्यांचे पाय पुरे पडत नव्हते, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी आत साजिदला खूण केली. त्याने वेग उतरवला, मी उतरवला, आणि लिफ्टचं दार उघडेपर्यंत आम्ही त्या वेगात वाजवत राहिलो.